सुर्ल्याच्या उतारावरचं जांभळाचं झाड

गोव्यात गेल्यावर किनाऱ्यावर जायचंच असं काही नसतं. तिथल्या गर्दीचा मला मनापासून वैताग आहे, त्यामुळे दोन दिवसांत कंटाळून वाळपईहून चोर्ला घाटात वर सुर्ल्याला गेलो. सोबत मातीवर संशोधन करणारी मैत्रीण होती.

सड्याखालच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराखालच्या, उतारावर एक जुनं जांभूळ दिसलं आणि आमचा अख्खा दुपारचा वेळ तिथेच गेला. खालच्या बाजूची मुळं पार उघडी, मनगटाएवढी जाड, वरून गुरांच्या खुरांनी घासून गुळगुळीत झालेली. मैत्रिणीने टेप काढला, खोडातून मूळ फुटतं तिथपासून आत्ताच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. म्हणाली, स्पेनमध्ये एस्त्रेमादुराच्या ओकच्या चराऊ रानांत, ज्यांना देहेसा म्हणतात, अशीच झाडं बघून पूर्वीची जमीन किती उंच होती ते ठरवतात, घेरावरून झाडाचं वय काढतात आणि वाहून गेलेल्या मातीच्या जाडीला त्या वयाने भागतात. शंभर वर्षांत 10 सेंटीमीटर म्हणजे वर्षाला 1 मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही ना? पण एका हेक्टरवर ते 10 घनमीटर होतात, म्हणजे साधारण 13 टन माती, दरवर्षी!

अर्थात एका झाडावर विसंबून चालत नाही. खोड जाड होताना आजूबाजूची माती वर ढकलतं, मुळंही फुगतात, त्यामुळे बरीच झाडं आणि दोन झाडांमधली मोकळी जमीनसुद्धा मोजावी लागते. तिकडचा आकडा इथे लावताही येत नाही, आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो.

तेवढ्यात गुरं घेऊन एक आजोबा आले. या झाडाचं वय किती असेल, विचारलं. "माझ्या बापाच्या लग्नाला ह्याची जांभळं खाल्ली म्हणे, तेव्हा मुळं दिसत नव्हती," म्हणाले. मैत्रिणीने लगेच वहीत लिहून घेतलं, म्हणाली अशी आठवण सोन्यासारखी.

स्पेन 1986 मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर अनुदानं आली, तिकडे जनावरं वाढली, जमीन तुडवून घट्ट झाली की पाणी मुरत नाही, वाहून जातं. माती वाहून जाण्यात गुरांचा वाटा आहेच, मान्य. पण वर सड्यावर जीपच्या चाकांनी गवत उखडून पाण्याच्या चऱ्या पडल्यात, त्या आजोबांच्या म्हशींनी पाडलेल्या नाहीत. फोटोसाठी गवतावर गाडी घालणाऱ्यांना हात जोडून विनंती, रस्त्यावर लावा आणि चालत जा.