युनिओ डेक्कनेन्सिस: बिजागराचे ठसे निघाले

नागपूरकडच्या मित्राने विहिरीच्या मलब्यातून उचलून दिलेला चर्टचा (सिलिकाच्या कठीण दगडाचा) तुकडा अखेर कामाला लागला. दोन लाव्हांच्या मधल्या तळ्यातला गाळ, पुढे सिलिकाने घट्ट झालेला, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. त्यातल्या शिंपल्याचं कवच केव्हाच विरघळून गेलंय, उरलाय तो आतला साचा, म्हणजे कवचाच्या आत भरून दगड झालेला गाळ. सोबत डावीकडे तोंड असलेली एक फायसा गोगलगायही आहे, ती तूर्त बाजूला.

आपल्याकडे या थरांतला कुठलाही शिंपला दिसला की लोक सरळ 'युनिओ डेक्कनेन्सिस' (युनिओ हा गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा वंश, डेक्कनेन्सिस ही त्यातली जात) लिहून मोकळे होतात. मला हे पटत नाही. डॉक्टर माल्कमसनने नेलेल्या नमुन्यांवरून इंग्रज अभ्यासक सॉवर्बीने १८४० साली ते नाव दिलं, आणि नागपूरच्या मिशनरी हिस्लॉपने १८६० मध्ये याच थरांतले आणखी युनिओ वेगळे काढले, त्यातला एक 'माल्कमसनी'. शिवाय त्या काळी गोड्या पाण्यातला लांबट शिंपला म्हणजे युनिओच. बाहेरच्या आकारावर विसंबावं, तर आजचे जिवंत शिंपलेसुद्धा गाळात एक आणि वाहत्या पाण्यात दुसरं रूप घेतात. साचा दाबला गेला असेल तर विचारूच नका. म्हणून बिजागर, म्हणजे शिंपल्याच्या दोन झडपा जिथे दातांनी एकमेकींत अडकतात ती कड.

साच्यावर दातांच्या जागी खड्डे असतात आणि स्नायूंच्या खुणा उंचवटे होऊन उठतात. खड्ड्यांतली माती बांबूच्या काडीने काढली (सुई नको, ओरखडा पडतो), साबणाचं पाणी लावलं आणि दाताच्या डॉक्टरांकडचं सिलिकॉन दाबलं. दोन सूचना. लॅटेक्सचे हातमोजे घालून हे कालवू नका, त्यातल्या गंधकाने ते आवळतच नाही. आणि भुसावळच्या मे महिन्यात पुडीवर लिहिलेल्या वेळेवर जाऊ नका, दाबायच्या आधीच घट्ट होतं. मी पहाटे पाचला बसतो.

तिसरा ठसा सुरेख आला. पुढचा दात जाडजूड, रेघारेघांचा. मागचे दोन लांब, समांतर. दोन म्हणजे ही डावी झडप, उजवीला एकच असतो. भिंगाखाली त्यांच्या मधली खाचसुद्धा स्वच्छ दिसते. असा ठसा हातात आला की उन्हाळा सार्थकी लागतो.

तुलनेला गिरणेच्या कोरड्या पात्रातून मेलेले शिंपले आणलेत. "हाई कसाले गोया करी ऱ्हायना रे भाऊ?" शेजारच्या आप्पांनी विचारलं. "आप्पा, याचे दात बघायचेत," म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं. आपल्या नद्यांत दोन वंश भेटतात. लॅमेलिडेन्सचे पुढचे दात पातळ, पात्यासारखे. पॅरेसियाचे जाड, आणि चोचीजवळ (कवचाच्या बिजागराकडच्या फुगीर टोकाजवळ) नागमोडी नक्षी. माझा ठसा दातांच्या बाबतीत पॅरेसियाकडे झुकतो, पण चोच साच्यावर गुळगुळीत आहे. त्याला फारसा अर्थ नाही, कारण ती नक्षी कवचाच्या बाहेर असते आणि आतल्या साच्यावर उमटत नाही. बाहेरचा साचा असलेला तुकडा मिळाला तरच तो मुद्दा सुटेल.

तोवर चिठ्ठीवर 'युनिओ, व्यापक अर्थाने' एवढंच. पुढचं काम म्हणजे ठशावर पांढरा लेप देऊन तिरप्या उजेडात फोटो. कोणाकडे उजव्या झडपेचा साचा असेल तर बिजागराचा फोटो मोजपट्टी ठेवून टाका. पूर्ण शिंपल्याचे फोटो नकोत, त्याने काही ठरत नाही.