आरबी२० प्रोजेक्ट: टर्बो ठरला

निसानच्या दोन लिटर, सहा सिलिंडरच्या आरबी२०डीईटी इंजिनाला गॅरेट कंपनीचा जीटी२८६०आरएस टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) लावायचा, टर्बाइन हाउसिंग (एक्झॉस्टच्या बाजूचं कवच) ०.६४ ए/आर, म्हणजे कवचातल्या वाटेचा आकार सांगणारं गुणोत्तर. बराच खल करून ठरलं. कारणं सविस्तर लिहितो, कारण छोट्या सिक्स-सिलिंडरला टर्बो निवडताना फोर-सिलिंडरवाल्यांचा अनुभव अर्ध्या वाटेपर्यंतच पुरतो.

इंजिन १९९८ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) अवघा ६९.७. स्वभावच वरच्या आरपीएमला पळण्याचा. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) येईपर्यंत खाली टॉर्क जेमतेम असतो. निसानने मूळ टर्बोला सिरॅमिकचं टर्बाइन व्हील (एक्झॉस्टने फिरणारं चाक) दिलं ते याचसाठी. हलकं चाक लवकर वेग घेतं. कंपनीचे आकडे २१५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), आणि २६५ एनएम टॉर्क ३२०० आरपीएमला. पण बूस्ट एक बारच्या आसपास नेऊन गाडी ट्रॅकवर तापवली, की सिरॅमिकचं चाक शाफ्टवरून सुटण्याची भीती असते. म्हणून तो टर्बो बदलायचा, पण त्याचा चटपटीतपणा मात्र गमवायचा नाही. माझी गाडी ट्रॅकपुरतीच आहे, मुंबईहून फ्लॅटबेडवर कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला जाते. २.१ किमीचा तो आखूड ट्रॅक. तिथे वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की लगेच ओढ लागली पाहिजे. सरळ पट्टा संपत आल्यावर आलेला बूस्ट काय कामाचा?

आधी हवेचा हिशोब. ७००० आरपीएमला दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ७००० लिटर हवा ओढतं. व्हॉल्यूमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते) ९० टक्के धरली तर ६३००. आपल्याकडच्या ३५ अंशांच्या हवेची घनता धरून, एक बार बूस्ट आणि इंटरकूलरनंतर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) ५५ अंश तापमान मानलं, तर मिनिटाला साधारण १३.५ किलो, म्हणजे जवळपास ३० पौंड हवा होते. पौंडाला दहा हॉर्सपॉवर या ढोबळ नियमाने ३०० हॉर्सपॉवर. जीटी२८६०आरएसचा ६० मिमी कंप्रेसर (हवा दाबणारं चाक) एवढी हवा आरामात देतो. त्याच हिशोबात कंप्रेसरमधून हवा जवळपास १३० अंशांवर बाहेर पडते, त्यामुळे मुंबईच्या हवामानात इंटरकूलरवर काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

अनेकांनी जीटी३०७६आर हा मोठा टर्बो सुचवला, पुढे वाढवायला वाव राहतो म्हणून. पण त्याचं टर्बाइन व्हील ६० मिमीचं, माझं ५४ मिमीच्या आसपास. फरक सहा मिमीचाच दिसतो, पण एकाच घडणीच्या चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. म्हणजे जवळपास ७० टक्के जास्त. जे ४०० हॉर्सपॉवर मला नकोच आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक वळणावर हे ओझं का वाहायचं?

सगळ्यात जास्त घोळ ट्विन-स्क्रोलवर (टर्बोच्या कवचात एक्झॉस्टच्या दोन वेगळ्या वाटा) झाला. इनलाइन सिक्स त्यासाठीच जन्माला आल्यासारखं इंजिन आहे. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४. पुढचे तीन सिलिंडर एका बाजूला आणि मागचे तीन दुसऱ्या बाजूला घेतले, की स्फोट एकाआड एक बाजू बदलत होतात आणि प्रत्येक बाजूत दोन पल्समध्ये २४० अंशांचं अंतर पडतं. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट दुसऱ्याच्या वाटेत येतच नाही म्हणा ना. फोर-सिलिंडरला हे साधायला १-४ आणि २-३ अशी नळ्यांची वेणी घालावी लागते. आपल्याकडे ती जोडी सरळ रांगेतच मिळते. पण या टर्बोचं हाउसिंग दुभागलेलं नाही, आणि दुभागलेल्या हाउसिंगचे जे पर्याय माझ्यासमोर होते ते सगळे मोठ्या चाकांचे. मी छोटं चाक निवडलं. मॅनिफोल्डमध्ये (एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा संच) मात्र १-२-३ आणि ४-५-६ टर्बो जोडायच्या फ्लँजपर्यंत वेगळेच ठेवतोय, नळ्या आखूड आणि भिंत जाड. निम्मा फायदा तरी पदरात पडावा.

इंधनाचं थोडक्यात. मूळ २७० सीसीचे इंजेक्टर २०० हॉर्सपॉवरच्या जरा पुढेच दम तोडतात, त्यात आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल). त्याला साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं. म्हणून थेट ५५० सीसी घेतले. नॉकच्या (इंधन अवेळी पेटण्याच्या) दृष्टीने इथेनॉल फायद्याचंच आहे, पण जुन्या रबरी होज सगळ्या बदलल्या.

मॅनिफोल्ड सध्या टॅक करून (वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारून) इंजिनवर बसवून पाहिलाय. पूर्ण आर्गन वेल्डिंगला देण्याआधी ऑइल रिटर्नची (टर्बोतलं तेल इंजिनात परत उतरवणाऱ्या नळीची) वाट नक्की करायची आहे, कारण ती नळी उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये आणि आत्ता स्टिअरिंगचा शाफ्ट आड येतोय. फीडला (टर्बोत तेल आणणाऱ्या नळीला) तेल कमी करणारा रिस्ट्रिक्टर आहेच. बॉल बेअरिंगला तेल फार नको, टर्बोपाशी ४० ते ४५ पीएसआय पुष्कळ झालं. कुणी आरबीवर टर्बो खालच्या बाजूला बसवून रिटर्न सरळ उतरवला असेल, तर इंजिन माउंटपासून किती जागा सोडली ते नक्की कळवा.