तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांना भीती वाटत नाही का?

"त्या लोकांना भीती वाटतच नाही का हो?" मी प्रस्तरारोहण करतो हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याने कुठेतरी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिलेला असतो. सरळसोट कातळ, त्यावर मुंगीएवढा माणूस आणि कमरेला काहीही बांधलेलं नाही. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, जरा चाचरत: "तुम्हीपण चढता का तसं?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. का नाही, ते ओघात येईल.

आम्ही दोर लावतो म्हणजे दोर धरून वर जातो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. चढायचं हातापायांनीच, बोटं अडकतील त्या भेगेत आणि बूट टेकेल त्या खाचेवर. दोर असतो तो पडलो तर झेलायला. म्हणजे फ्री सोलो करणारा, म्हणजे दोराशिवाय एकटा चढणारा, अंगाने जे करतो, तेच आम्हीही करतो. वेगळं असतं ते डोक्यातलं. दोर असला की न जमणाऱ्या पकडीकडे हात टाकून बघता येतो. सुटला तर थोडं खाली लोंबकळायचं, दोन शिव्या हासडायच्या आणि पुन्हा भिडायचं. सोलोमध्ये 'बघू जमतंय का' हा प्रकारच नसतो. जे जमणार हे आधीपासून पक्कं ठाऊक आहे तेवढंच करायचं, आणि तेही पहिल्या फटक्यात.

म्हणूनच ॲलेक्स होनोल्ड या अमेरिकी सोलो चढाईपटूबद्दल लोक जे बोलतात ते मला अर्धवट वाटतं. 3 जून 2017 रोजी अमेरिकेतल्या योसेमिटीतला एल कॅपिटन, म्हणजे सुमारे 900 मीटरची भिंत, फ्रीरायडर नावाच्या मार्गाने तो दोराशिवाय चढला. वेळ लागला 3 तास 56 मिनिटं. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्याआधी दोर लावून त्याने तोच मार्ग किती घोटला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. या मार्गावर 'बोल्डर प्रॉब्लेम' म्हणून एक जागा आहे. जमीन पाचशे मीटरहून जास्त खाली, आणि हाताला पकडी अशा की एका ठिकाणी फक्त अंगठा दाबून धरायचा, मग त्याच इवल्याशा जागेवर एक अंगठा काढून दुसरा ठेवायचा. त्यानंतर डावा पाय कराटेतल्या लाथेसारखा बाजूच्या भिंतीवर फेकायचा. या चढाईचं चित्रीकरण करणाऱ्यांनी तिथे माणूस उभाच केला नव्हता, दुरून चालणारे कॅमेरे लावले होते. त्याचं लक्ष जरासुद्धा विचलित व्हायला नको म्हणून.

आता भीतीकडे येऊ. 2016 मध्ये होनोल्डच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं. अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली तेव्हा भीतीशी जोडलेला अमिग्डला हा भाग त्याच्या बाबतीत गप्पच राहिला. तेव्हापासून 'त्याच्या मेंदूत भीतीच नाही' हे वाक्य फिरतंय. पण तो माणूस त्या वेळी मशीनमध्ये आडवा पडून चित्रं बघत होता, कड्यावर नव्हता. शिवाय असा मेंदू जन्मतः मिळाला की वर्षानुवर्षं उंचीवर राहून घडला, हे एका माणसाच्या एका स्कॅनवरून कसं ठरवणार? त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, तो हाच एल कॅपिटन सोलो करायला निघाला होता. काही आठवड्यांपूर्वी दोरावर सराव करताना पडून घोटा दुखावलेला. खालच्या टप्प्यातल्या गुळगुळीत तिरप्या कातळावर आला, पायावर भरवसा वाटेना, आणि तिथूनच परत फिरला. कॅमेरे लावून माणसं बसलेली असताना. ज्याला काहीच वाटत नाही, तो असा मागे फिरत नाही.

तो तिरपा कातळ, आमच्या भाषेत स्लॅब, जरा जवळून बघा. धरायला काही नाही. बुटाचं रबर आणि दगड यांच्यातलं घर्षण, बस्स. ते घर्षण टिकतं शरीराचं वजन नीट पायावर पडत असेल तर, म्हणजे कंबर भिंतीपासून थोडी बाहेर हवी. भ्यालेला माणूस नेमकं उलटं करतो. कातळाला बिलगतो, टाच वर जाते आणि बूट सटकतो. एरवीही भीती वाटली की पकड गरजेच्या दुप्पट घट्ट होते, मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू फुगून दगड होतात, पोटरी शिलाई मशीनसारखी थडथडायला लागते. म्हणजे भीती नुसती मनात राहत नाही, ती पायाखालची जागा काढून घेते. सोलो करणारे तिच्याशी तिथे वर झुंजत बसत नाहीत. ती वर येऊ नये याची तयारी खाली, महिनोन्‌महिने झालेली असते. आणि तरीही ती आली, तर त्या दिवशी खाली उतरायचं.

लोकांना उंचीचं फार वाटतं. पण हिशेब करून बघा. 30 मीटरवरून माणूस पडला तर अडीच सेकंदांत जमिनीवर, आणि वेग ताशी 85 किलोमीटरच्या वर. त्यापुढे 900 मीटर असले काय नि 100 असले काय, शेवट तोच. उंच भिंतीत वाढतो तो न चुकता करायच्या हालचालींचा आकडा.

हा आकडाच मला सगळ्यात जास्त छळतो. समजा, एखादा इतका तरबेज आहे की हजारात एकदाच पडेल. ऐकायला छान वाटतं. पण अशा 500 चढाया केल्या, तर त्यात एकदा तरी पडण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास जाते. हजारातलं एक हा मी उदाहरणासाठी धरलेला आकडा, खरा आकडा कोणालाच मोजता येत नाही. पण गणित तसंच चालतं. आणि प्रत्येक यशस्वी चढाईनंतर मन मात्र उलटंच सांगत असतं: बघ, काही झालं नाही.

जॉन बाकार या अमेरिकी सोलो चढाईपटूचं उदाहरण घ्या. 1981 मध्ये, एक दिवस माझ्या मागोमाग दोराशिवाय सगळं चढून दाखवेल त्याला 10,000 डॉलर, असं त्याने जाहीर केलं होतं. कोणी पुढे आलं नाही. तो गेला 2009 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, राहत्या गावाजवळच्या कड्यावर सोलो करताना. मायकेल रिअर्डन हा दुसरा सोलो करणारा तर चढाई संपवून आयर्लंडच्या किनाऱ्यावर कड्याखाली उभा होता. 2007 ची गोष्ट. लाट आली आणि त्याला घेऊन गेली. कसब त्याच्यापाशी होतंच, पण लाटेपुढे ते काय करणार?

पण म्हणून दोर म्हणजे कवचकुंडलं असंही नाही. ब्रॅड गोब्राइट अवघड सोलोंसाठी नावाजलेला. 2019 मध्ये मेक्सिकोत तो गेला तो दोरावरून उतरताना. दोराच्या टोकाला गाठ मारलेली नव्हती आणि टोक निसटलं. म्हणून दोर आहे म्हणत निर्धास्त असणाऱ्या जोडीदाराची मला दोर नसलेल्या माणसापेक्षा जास्त धास्ती वाटते.

तर मी का नाही? मला न जमणाऱ्या जागेशी झटापट करायला आवडतं. हात टाकायचा, सुटायचा, लोंबकळत विचार करायचा की पाय कुठे चुकला. माझ्यासाठी सगळी मजा तिथेच आहे, आणि सोलोमध्ये पहिल्यांदा तीच सोडावी लागते. शिवाय पडलो तर खाली जे उभे असतात, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. सोलो करणाऱ्यांना मी बेजबाबदार मात्र म्हणणार नाही. त्यातले निम्मे माझ्यापेक्षा जास्त काटेकोर आहेत.

अलीकडे विशीतली मुलं वेगळंच विचारतात: "दादा, सोपे रूट सोलो करून सुरुवात करू का?" मी त्यांना पॉल प्रॉइसबद्दल सांगतो. ऑस्ट्रियाचा हा गडी 1911 मध्ये आधारासाठी कातळात खिळे ठोकण्याविरुद्ध भांडत होता. त्याचं म्हणणं, जे चढायचं ते उतरताही आलं पाहिजे. 1913 मध्ये तो एकटाच चढताना पडून गेला, सत्ताविसाव्या वर्षी, हेही सांगतो. मग म्हणतो, तुझा सगळ्यात सोपा रूट घे, वरून दोर लाव, आणि हातापायांनी खाली उतरून दाखव. उतरताना पाय दिसत नाहीत, स्वतःचंच पोट आड येतं. वर जाताना नजरेसमोर असलेली खाच आता बुटाने चाचपून शोधावी लागते. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या पावलाला दोरावर बसतात. जे नीट उतरतात, त्यांना सांगतो की आता हेच थकल्यावर करून दाखव.