वहीतला तिसरा रकाना: कोर्टात बघे किती?

अत्याचारानंतर न्याय मागणाऱ्या बायकांचे सिनेमे बघून वहीत टिपायचं चालू आहे. वेग बेळगावात, आमच्या टिळकवाडीत लाईट राहील तेवढाच. आकडा अकरावर आलाय.

आधी दोनच रकाने होते: निकाल कुणी लावला आणि ती स्वतः किती बोलली. तिसरा आला शेजारच्या काकूंमुळं. 'दामिनी' (१९९३) परत लावला होता, काकू चहाचा कप घेऊन टेकल्या. कोर्टातली खच्चून भरलेली बाकं बघून म्हणाल्या, "एवढ्या लोकांपुढं कसं गं सांगायचं बाईनं?"

तिथंच सिनेमा थांबवला. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवायचा, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये १९८३ सालीच आलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये दोन पोलिसांना सोडलं, त्यावर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठं ही दुरुस्ती झाली. म्हणजे 'दामिनी' आला तेव्हा नियम दहा वर्षांचा होता. 'इन्साफ का तराजू' (१९८०) ला मात्र सूट दिली, तेव्हा नियमच नव्हता. त्यात पहिला खटला आरोपी सुटून संपतो आणि शेवटी निकाल लागतो तो बंदुकीनं. पहिल्या रकान्यात 'बंदूक' लिहिलं.

'दामिनी'चा दुसरा रकाना कोराच. जिच्यासाठी एवढा आरडाओरडा, ती उर्मी कोर्टापर्यंत पोचतच नाही, दवाखान्यातच संपते. बोलतात ते सगळे दुसरेच. (सनीचे डायलॉग मला अजून पाठ आहेत, काय करणार.)

ऋतुपर्ण घोषांचा 'दहन' बघताना सबटायटलं चार सेकंद मागं. माणूस गप्प झाल्यावर वाक्य उमटायचं. पण जिच्यावर हल्ला झाला ती रोमिता सासरच्या दबावाखाली साक्ष फिरवते, तिथं त्या उशिराचं काही वाटलं नाही. चेहराच पुरे होता. आत्तापर्यंतच्या अकरात मला हाच सगळ्यात खरा वाटला.

'गार्गी' (२०२२) कन्नडमध्ये लावला. काकूंच्या घरात कन्नड, माझं बाजारापुरतं. अडलं तिथं त्या मराठीत सांगत होत्या. यात गोष्ट आरोपीच्या मुलीची. न्यायाधीश तृतीयपंथी, आणि तिला खास कौतुकाचा शॉट वगैरे दिलेला नाही, हे आवडलं. शेवट सांगत नाही. शेवटाकडं काकूंचं सांगणं बंद पडलं, आणि मीही विचारलं नाही.

काल बांगलादेशचा 'रेहाना मरियम नूर' (२०२१). मेडिकल कॉलेज, निळसर उजेड, कोर्ट नाहीच. विद्यार्थिनी तक्रार करायला तयार नाही, म्हणून रेहाना मॅडम स्वतःवरच झालं असं सांगतात. तिसऱ्या रकान्यात शून्य लिहिलं, मग खोडलं. अख्खं कॉलेज बघतच असतं की.

बारावा मराठी हवाय. ती स्वतः साक्षीला उभी राहते आणि पूर्ण बोलते, असा कुठला आठवतोय का? जुना असला तरी चालेल, प्रिंट खराब असली तरी.