गाडीला काय लावता?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात. एकदा सिग्नलला शेजारी स्कूटरवर थांबलेल्या काकांनी खूण करून काच खाली करायला लावली आणि म्हणाले, "पाऊस नाही, पाणी नाही, मग गाडी ओली कशी दिसतेय? काय लावता हो?" सिग्नल सुटायला सात-आठ सेकंद होते. मी म्हणालो, "मेण." काका मान डोलावून गेले.

गाडी गडद निळी आहे. सावलीत जवळपास काळी दिसते आणि उन्हात आली की दौतीतल्या शाईसारखी निळी होते. आठ वर्षं झाली घेऊन. "मेण लावतो" हे उत्तर मी इतक्या जणांना दिलंय, की आता त्याची टोचणी लागते, कारण ते पावही खरं नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघांनी माझ्या उत्तरावर भरवसा ठेवून मेणाचे डबे आणले, रविवार घालवला, आणि चार दिवसांनी "आमच्या गाडीला का नाही येत?" म्हणून विचारत आले. तेव्हा आता तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगतो.

नववीत असताना आम्ही नव्या घरात राहायला गेलो. फरशी मोझॅकची होती, आणि तिला पॉलिश करायला मशीन घेऊन दोन माणसं आली होती. पाणी ओतायचं, मशीनखालचा दगड फिरायचा, करडा चिखल सगळीकडे पसरायचा. पहिल्याच दिवशी चिखल काढून पाणी मारलं तर फरशी अशी लखलखली की मी आईला ओढत दाखवायला आणलं. अर्ध्या तासाने फरशी वाळली आणि पुन्हा मळकट दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी बारीक दगड लावला, मग आणखी बारीक. शेवटी कोरड्या फरशीत ट्यूबलाइट दिसायला लागली. मेण आलं ते त्यानंतर, फडक्यावर थोडंसं. ओल्या फरशीत पहिल्या दिवशी जे दिसलं होतं तेच शेवटच्या दिवशी कोरड्या फरशीत दिसत होतं.

गाडीचंही तेच आहे. पत्र्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी लाखेसारखा एक थर, क्लिअर कोट. आपण हात फिरवतो तो या वरच्या थरावर. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. प्रकाश सरळ पडला तर त्यातला जेमतेम 4 टक्के या थराच्या पृष्ठभागावरून परततो, बाकीचा आत रंगापर्यंत जातो. पांढऱ्या गाडीत आतूनही भरपूर प्रकाश बाहेर येतो, त्यामुळे वरचे चरे त्यात बुडून जातात. गडद निळ्या रंगातून फारच थोडा प्रकाश परत येतो. तिथे आरशासारखा दिसतो तो वरचा 4 टक्केच. पृष्ठभाग सपाट असेल तर त्यात समोरचं झाड, आभाळ, विजेची तार नीट उमटते आणि तिच्याखाली निळा रंग खोल विहिरीसारखा वाटतो. पृष्ठभागावर हजारो बारीक चरे असतील, तर तोच प्रकाश विखुरतो आणि निळ्यावर राखेसारखा एक पडदा येतो. पाणी पडलं की ते चऱ्यांमध्ये भरतं, पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो, पडदा जातो. म्हणून गाडी धुतल्यावर सुंदर दिसते आणि वाळल्यावर हिरमोड होतो. जी गाडी कोरडी असतानाही ओली दिसते, तिच्यावर काही जास्तीचं लावलेलं नसतं. तिच्यावरचे चरे गेलेले असतात.

चरे आहेत का, हे बघायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. संध्याकाळी बोनेटवर टॉर्च धरा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. ते चरे मुळात गोल नसतात. सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून उजेडाभोवती गोल भासतात. टॉर्च हलवला की जाळंही हलतं. माझ्या गाडीवर पहिल्या वर्षाअखेरीस हे जाळं पाहिलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. ओरखडा म्हणावा असं एकही नव्हतं, कोणी गाडी घासली नव्हती, ठोकली नव्हती. मग हे आलं कुठून?

रोजच्या पुसण्यातून आलं. पुण्यात गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी तिच्यावर धुळीचा थर असतो, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर त्यात सिमेंट आणि दगडाची भुकटी. त्या धुळीवर कोरडं फडकं फिरवलं, की ती भुकटी आणि फडकं मिळून पॉलिश पेपर होतो. मीच वर्षभर रोज गाडी पुसून घेत होतो, वर पिसांचा झाडू गाडीत ठेवून ऑफिसच्या पार्किंगमध्येही फिरवत होतो. गाडी स्वच्छ राहावी म्हणून केलेलं प्रेमाचं काम होतं ते, आणि त्यानेच तिचं तेज गेलं.

त्यामुळे माझ्या उत्तराचा सगळ्यात मोठा भाग धुण्याचा आहे. मी गाडी रोज पुसत नाही. आठवड्यातून एकदा धुतो आणि मधल्या दिवसांत धूळ असली तर असू देतो. काचा तेवढ्या पुसतो. लोकांना हे पटत नाही. धुळकट गाडी म्हणजे निष्काळजी माणूस, असं आपल्याकडे समीकरण आहे. पण गडद रंगाच्या गाडीची काळजी घ्यायची तर धूळ सहन करता आली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

धुताना आधी नुसतं पाणी सोडायचं, हात न लावता, म्हणजे सुटी धूळ वाहून जाते. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो गाळ बसतो तो एकदा बघा. एकाच बादलीत धुताना तो सगळा गाळ आपण परत गाडीवर चोळत असतो. टपापासून सुरुवात करायची आणि दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण रस्त्यावरची खडी तिथे चिकटलेली असते. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण नको. त्याने मेण निघून जातं, सगळी मेहनत धुवून जाते.

आता पाण्याविषयी, कारण त्यात घरोघरी एक चूक होते. घरच्या आरओ मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते साठवून गाडी धुवायची पद्धत आहे. पाणी वाचवण्याची भावना मला मनापासून मान्य आहे, आमच्याकडे त्या पाण्याने लादी पुसतात. पण ते पाणी म्हणजे मशीनने बाजूला काढलेले सगळे क्षार. गडद निळ्यावर ते वाळलं की पांढरी वर्तुळं उमटतात, आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती वर्तुळं क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात. बोअरचं आणि टँकरचं पाणीही बहुतेक ठिकाणी जड असतं. मी सगळी गाडी बोअरच्या-टँकरच्या पाण्याने धुतो, पण शेवटची एक बादली महापालिकेच्या नळाची घेतो, आणि पाणी वाळायच्या आत जाड मायक्रोफायबर टॉवेल ठेवून ते टिपून घेतो. घासत नाही, टिपतो. हे सगळं सावलीत, सकाळी साडेसातच्या आत, कारण आमच्याकडे त्यानंतर ऊन पार्किंगमध्ये येतं.

एवढं केलं तर नवे चरे पडायचे जवळजवळ थांबतात. जुने मात्र तसेच राहतात. त्यासाठी घासावंच लागतं, आणि इथे शब्दांचा मोठा घोळ आहे. दुकानात रबिंग, पॉलिश, मेण, कोटिंग सगळ्यालाच "पॉलिश" म्हणतात. यातलं रबिंग आणि खरं पॉलिश म्हणजे मोझॅकवरचे दगड. त्यात अतिशय बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोटचा अगदी पातळ पापुद्रा काढून पृष्ठभाग सपाट करतात. मेण आणि कोटिंग काही काढत नाहीत, वर बसतात. चऱ्यांवर मेण लावलं तर ते चऱ्यांमध्ये थोडं भरतं, काही दिवस बरं दिसतं, मग पुन्हा जाळं. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघांचं हेच झालं होतं.

माझ्या गाडीचं पहिलं रबिंग एका दुकानात करून घेतलं. दोन तासांत चकचकीत गाडी हातात आली. पहिल्या धुण्यानंतर उन्हात पाहिलं तर बोनेटभर मोरपिसासारखे पट्टे. एकाच आसावर जोरात फिरणाऱ्या मशीनचे ते माग होते, आणि दुकानातल्या तेलकट पॉलिशने ते तोपर्यंत झाकलेले होते. त्यानंतर मी स्वतः शिकलो. माझं मशीन फिरतं आणि त्याच वेळी डगमगतं, त्यामुळे ते एकाच जागी खोल जात नाही. हळू काम होतं, पण शिकणाऱ्याच्या हातून रंग जळायची भीती खूपच कमी असते.

मशीन लावण्याआधी गाडी धुतलेली असली तरी पुरेशी स्वच्छ नसते. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून रवाळ लागतं. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक. त्यासाठी क्ले बार मिळतो, मुलांच्या मातीसारखा. शाम्पूचं पाणी मारून तो हलक्या हाताने फिरवायचा, मळला की मळून नवी बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, परवडलं नाही तरी. त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो.

मग पॉलिश. आधी दीड-दोन फुटांचा एकच चौकोन करून बघायचा. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश घ्यायचं, चार-पाच थेंब, मशीन सावकाश आडवं आणि मग उभं. पुसून टॉर्च धरायचा. जाळं गेलं असेल तर तेच सगळ्या गाडीला पुरतं, नाही तर एक पायरी खरखरीत. उलट्या क्रमाने कधीच जायचं नाही, कारण क्लिअर कोट मुळात तुटपुंजा आहे आणि काढलेला परत येत नाही. दारांच्या, बोनेटच्या कडांवर तो आणखी पातळ असतो, तिथे मी टेप लावतो. नखाला अडकणारा ओरखडा मी तसाच सोडतो. तो घालवायला जेवढं घासावं लागेल तेवढी जाडीच उरलेली नसते. आठ वर्षांत दुकानातलं धरून पूर्ण पॉलिश तीनदा झालंय. चौथं शक्य तितकं लांबवणार आहे.

एक चौकोन झाल्यावर शेजारच्या न केलेल्या भागाशी तुलना करा. मला अजून दर वेळी तसाच आनंद होतो. इकडे राखेचा पडदा, तिकडे निळं, आणि मधे सरळ रेघ. तेव्हा मेणाचा डबा कपाटात असतो, उघडलेलाही नसतो.

त्यानंतर मेण. मी कार्नोबा लावतो. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते तयार होतं आणि साधारण 82 ते 86 अंशांना वितळतं. गडद निळ्यावर त्याने रंगाला एक ऊब येते असं माझ्या डोळ्यांना वाटतं. थर इतका पातळ हवा की लावलेला जेमतेम दिसावा. बोट फिरवून ते स्वच्छ निघालं की पुसून घ्यायचं. जाड लावून काही मिळत नाही, फक्त पुसताना हात दुखतो. आमच्या उन्हात आणि पावसात ते दोन-अडीच महिने टिकतं.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे मेणाऐवजी लावायच्या टिकाऊ, कडक थराबद्दल, बरेच जण विचारतात. चांगलं आहे, टिकतं, मळ कमी धरतं. पण ते खाली जे असेल ते कोंडून ठेवतं. चऱ्यांवर कोटिंग केलं तर चरे दोन वर्षं सुरक्षित राहतील. आणि जाहिरातीतलं "९एच" हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्या-माणकांचं नाही, त्यामुळे कोटिंग केलेली गाडीही कोरड्या फडक्याने पुसली की चरे पडतातच. पैसे मोजायचे असतील तर दुकानदाराला आधी विचारा, कोटिंगच्या आधी पॉलिश किती तास करणार. मशीन किती वेळ चालणार हे त्याला नीट सांगता येत नसेल, तर दुसरं दुकान बघा.

दसऱ्याचा प्रश्नही येतो. आई बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढते, आणि मी ते कधी नको म्हटलेलं नाही. दहा दिवस आधी मेण लावून ठेवतो. हार घेताना तो दोऱ्यात ओवलेला आहे ना, तारेत नाही ना, हे बघतो, कारण झेंडूच्या आडून ती तार वाऱ्यावर बोनेट घासत राहते. आई बोट ओलं करून हलकेच टेकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाम्पूचं पाणी त्यावर पाच मिनिटं ठेवतो, कुंकू आपणच सुटून वाहायला लागतं, आणि मी फडकं हातात घेऊन शेवटचा लाल ओघळ खाली उतरेपर्यंत थांबतो.