सरकलेला सांधा

शाळांची स्नेहसंमेलने सुरू झाली की खानदेशातल्या बऱ्याच घरांत चिलखते तयार होऊ लागतात आणि १९ फेब्रुवारीच्या मिरवणुकीपर्यंत हे काम चालू राहते. मावळ्यांना तोटा नसतोच. त्यात पारोळ्याचा किल्ला झाशीच्या नेवाळकर घराण्याच्या जहागिरीतला असल्यामुळे आमच्या भागात झाशीच्या राण्याही पुष्कळ निघतात. बाजारात मिळणारे पातळ, चकाकते चिलखत मुलाने एकदा वाकून मुजरा केला की उसवते. त्यामुळे घरीच चिलखत करायचे ठरते आणि घरी करायचे म्हटले की शेतात उरलेला पीव्हीसी पाइप हाती येतो. जळगावकडे पाइपांचे कारखाने आहेत, शेतोशेती ठिबकच्या लाइनी आहेत. त्यामुळे हातभर-दोन हात पाइपाचे तुकडे कोणाच्याही गोठ्यात सापडतात. ११० मिलिमीटरचा पाइप उभा चिरून, तापवून सपाट केला की साधारण ३४ सेंटिमीटर रुंदीचा पत्रा मिळतो. दहा वर्षांच्या मुलाची छाती झाकायला तो पुरेसा असतो.

असे चिलखत कोणी दाखवायला आणले की मी छातीवर रंगवलेल्या सूर्याआधी खांद्यावरचा आणि बगलेखालचा सांधा पाहतो. तिथे एक कड दुसरीवर चढलेली असते, किंवा वरून जुळलेली फट खाली करंगळीएवढी रुंद झालेली असते. करणाऱ्याला वाटते की चिकटवताना हात हलला. हात हललेला असतोही, पण बहुतेक वेळा दोष त्याच्या आधीचा असतो. पीव्हीसीला पूर्वायुष्य विसरता येत नाही. कारखान्यात तो गोल आकारात ओढून थंड केलेला असतो आणि त्या वेळचा ताण त्याच्या अंगात राहिलेला असतो. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तो मऊ होतो, फळीखाली दाबला तर सपाटही राहतो. पण खांद्याचा बाक देण्यासाठी पुन्हा तापवला की जुना गोलावा आठवून कडा आत वळू लागतात आणि लांबीही किंचित घटते. म्हणून आधी कापून मग बाक दिलेले दोन भाग एकमेकांना जुळत नाहीत. बाक आधी द्यावा, तुकडा पूर्ण थंड होऊ द्यावा आणि कडा त्यानंतरच कापाव्यात. हा क्रम पाळला तर पुढची निम्मी दुरुस्ती टळते.

तरीही सांधा सरकलाच, तर तो कशाने चिकटवला आहे हे आधी पाहावे लागते. ग्लू गनने चिकटवलेला सांधा दयाळू असतो. गरम हवा किंवा उकळते पाणी लागले की तो सुटतो. दयाळूपणाची ही सवय त्याला मे महिन्यातही असते. भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्या दिवसांत उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत चिलखत राहिले तर त्याच्या बाह्या आपोआप वेगळ्या होऊ शकतात. रबरी चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासे होईपर्यंत सुकवून मग जोडायचे असते आणि एकदा टेकले की सरकवू देत नाही. पण कोमट-गरम करून, पातळ सुरी घालून तेही उकलता येते. पाइप जोडण्याचे सोल्युशन मात्र निराळ्या जातीचे आहे. त्याला चिकटवणे म्हणणेच चुकीचे, कारण त्यातले द्रावक दोन्ही पृष्ठभाग विरघळवते, दोन्हींचे प्लास्टिक एकमेकांत मिसळते, द्रावक उडून जाते आणि मागे एकच तुकडा उरतो. सरळ करायला काही सेकंद मिळतात. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात तेही कमी होतात. म्हणून हे काम पहाटे, दारे-खिडक्या उघडून करावे.

एका गॅरेजातल्या डेंटरने, म्हणजे गाड्यांचे पोचे काढणाऱ्याने, असा सांधा बोटाने चाचपून अहिराणीत सांगितले होते, “भाऊ, आते उकलू नको, तुटी जाई.” त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. सोल्युशनचा सांधा ओढला तर तो सुटत नाही, शेजारचा पत्रा फाटतो. त्यापुढचे त्याचे मत, म्हणजे वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारावा, मला निम्मेच पटते. दोन कडांमधली पायरी एखाद्या मिलिमीटरची असेल तर चढलेली कड कानशीने उतरवावी, पडलेल्या बाजूला लांबी किंवा एमसील भरावे आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २२० पर्यंत घासत यावे. पीव्हीसीचा कीस सोल्युशनमध्ये कालवून केलेला लगदाही चांगला बसतो, फक्त वाळताना तो आक्रसतो. म्हणून पातळ थर देऊन वाळू द्यावा आणि मग दुसरा द्यावा. फट निमुळती असेल तर त्याच पाइपाची फाचर कापून बसवावी. रुंद फटीत नुसती लांबी कोंबली की मुलगा तलवार उपसताना ती पोपडे धरून पडते, आणि नेमकी रंगमंचाच्या मधोमध पडते.

पण संपूर्ण भागच पिळलेला असेल, म्हणजे एक खांदा पुढे आणि एक मागे दिसत असेल, तर भरण्यात अर्थ नाही. तिथे हेक्सॉच्या पात्याने सांधा कापावाच लागतो. पात्याच्या जाडीइतका पत्रा जातो, कडा घासताना आणखी थोडा जातो. म्हणून पुन्हा कडेला कड भिडवण्याऐवजी आतून दोन बोटे रुंद पट्टी द्यावी. जोडताना, शिंपी बाही लावतो तसे, मध्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जावे. एका टोकापासून सुरुवात केली की सगळा फरक दुसऱ्या टोकाला जमा होतो. आधी कागदी टेपने सगळे बांधून मुलाच्या अंगावर घालून पाहावे, मग सोल्युशन उघडावे. हीट गन हाती असेल तर ती एका जागी धरू नये. पांढरा पीव्हीसी पिवळा-तपकिरी पडू लागला की त्यातून हायड्रोजन क्लोराइडची बोचरी वाफ निघते.

सांधा गुळगुळीत करून नाहीसा करण्याचा हट्ट मला मुळातच पटत नाही. चार-आईना नावाच्या जुन्या चिलखतात छाती, पाठ आणि दोन कुशी यांसाठी चार वेगळे पत्रे असत आणि ते पट्ट्यांनी बांधलेले असत. जोड उघड दिसे आणि त्यामुळेच अंग वळत असे. मग खांद्यावरच्या सरकलेल्या सांध्यावर पाइपाचीच एक पट्टी चढवून तिच्यावर रिबिटांच्या टोप्या ओळीने बसवल्या, तर ती लपवाछपवी ठरत नाही. चंदेरी रंग मात्र चहाडखोर असतो. त्याआधी राखाडी प्रायमर मारून, एका बाजूने टॉर्च धरून चिलखत फिरवून पाहावे. राहिलेली पायरी सावली टाकते.

बगलेखालचे सांधे मी आता चिकटवतच नाही. तिथे भोके पाडून नाडी ओवतो, कारण तेच चिलखत पुढच्या वर्षी थोराड झालेल्या अंगावर चढायचे असते आणि त्यानंतर बहुधा मावसभावाकडे शिरपूरला जायचे असते.