मैनाचे रिकामे अकरा तास

त्या दिवशी मी दुपारी चारलाच तबेल्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. मांडीवर वही, हातात मोबाईल. मैनाला, म्हणजे माझ्या घोडीला, साडेचारला चंदी (ओट-जवाचं खाणं) मिळाली. पाच वाजायला पाच मिनिटं असताना घमेलं चाटून पुसून साफ. मग दोन किलो सुकं गवत, तेही साडेसहापर्यंत संपलं. त्यानंतर तिने जमिनीवरच्या काड्या वेचल्या, मग लाकडाचा भुसा हुंगला, मग दाराच्या फळीवर वरचे दात टेकवून मान आखडली आणि घशातून एक बारीक आवाज काढत हवा ओढली. तिने असं केलं की दर वेळी मी वहीत एक उभी रेघ मारत गेले. रात्री एकपर्यंत पानं भरली आणि मी मोजणं सोडून दिलं. पुढचं खाणं पहाटे साडेपाचला होतं. साडेसहा ते साडेपाच, म्हणजे अकरा तास या घोडीच्या पोटात काहीही जात नव्हतं आणि हे रोज चाललं होतं.

मैना 2023 च्या मे महिन्यात माझ्याकडे आली. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात, तांबूस बदामी, कपाळावर छोटा चांद, तेव्हा सात वर्षांची. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांचं पुढे काय होतं हा प्रश्न मला कॉलेजपासून छळत होता. मी आणि माझी मावसबहीण, दोघींनी मिळून तिला घेतलं आणि आरेच्या कडेला असलेल्या एका लहान खासगी तबेल्यात ठेवलं. मुंबईत घोडं ठेवायचं म्हणजे चरायला कुरण नाही. बारा बाय बाराची खोली, सकाळी तासभर रपेट, संध्याकाळी थोडं फिरणं. उरलेले बावीस तास ती चार भिंतींत. तेव्हा तिथे तिच्यापुढे काय येतं, कधी येतं, किती उंचीवर येतं, यावरच तिची तब्येत ठरणार होती. ते कळायला मला चार महिने लागले.

पहिले दोन महिने ती नुसती वाळत गेली. बरगड्या मोजता येत होत्या. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसताना कान मागे टाकायची, वळून चावायला यायची. चंदी अधाशासारखी खायची, पण मधेच तोंड काढून उभी राहायची. जो तो म्हणायचा, चंदी वाढवा. आम्ही वाढवली. ती आणखी चिडखोर झाली आणि लीद पातळ झाली.

डॉक्टरांनी आधी दात पाहिले. दाढांना धारदार कंगोरे आले होते, ते घासून घेतले. जंतांसाठी लीद तपासली, तिथे फारसं काही नव्हतं. मग ते म्हणाले, पोटात बघूया. चौदा तास उपाशी ठेवून, गुंगीचं इंजेक्शन देऊन, तीन मीटर लांबीची दुर्बिणीची नळी नाकातून जठरात सोडली. मी पडद्याकडे बघत तिची मान धरून उभी होते. जठराचा वरचा भाग फिकट, पांढुरका. खालचा गुलाबी, ओलसर. आणि दोन्हींच्या सीमेवर, वरच्या बाजूला, लालपिवळे चट्टे. काही खोल. शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे सगळ्यात वाईट, अशा श्रेणीत तिसरी.

त्यांनी मला तिथेच समजावलं. आपल्या पोटात आम्ल सुटतं ते मुख्यतः जेवणाच्या वेळी. घोड्याचं जठर मात्र चोवीस तास आम्ल तयार करतं, कारण हे जनावर दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत राहण्यासाठीच घडलेलं आहे. त्या आम्लावर उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याच्या तोंडात लाळ सुटते ती फक्त चावताना. दिवसभर चरणारं घोडं 35 ते 40 लिटर लाळ गिळतं. एक किलो सुकं गवत चावायला त्याला साधारण 40 मिनिटं लागतात, एक किलो ओट दहा मिनिटांत फस्त होतात. म्हणजे चंदीवर वाढवलेलं घोडं चावतं कमी, लाळ कमी, आणि जठराच्या वरच्या भागाला तर आम्लापासून संरक्षण देणारा बुळबुळीत थरच नसतो. रिकाम्या पोटी धावायला लावलं की आम्ल हिंदकळून नेमकं तिथेच जातं. शर्यतीच्या घोड्यांमध्ये बहुतेकांना अल्सर, म्हणजे जठरातल्या अशा जखमा, सापडतात, त्याचं कारण हे. त्याच दुपारी मी खुर्ची घेऊन बसले.

औषध 28 दिवस चाललं, आम्ल कमी करणारी ओमेप्रॅझोलची पेस्ट. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, खाण्याची पद्धत तीच राहिली तर औषध थांबल्यावर जखमा परत येतील.

आता प्रश्न मामांचा होता. मामा म्हणजे आमचे सायस, घोड्याची देखभाल करणारे. सातारा जिल्ह्यातले, तीस वर्षं घोड्यांत काढलेले. मैना आजारी असताना ते तिच्या दाराशी गोधडी टाकून झोपले आहेत, त्यामुळे त्यांना शिकवायला जाण्याचा मला अधिकार नव्हता. ते म्हणाले, "ताई, चंदी तोडली तर घोडं बसेल. गवतावर बैल राहतो, घोडं नाही." मी वाद घातला नाही. टेप आणून दोघांनी मिळून मैनाला मोजलं. कोपराच्या मागून छातीचा घेर 178 सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 158. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11880. उत्तर 421 किलो. मग हिशेब मांडला. एवढ्या घोडीला वजनाच्या दोन टक्के चारा, म्हणजे साडेआठ किलो हवा. आपण देतोय चार. चंदी देतोय पाच किलो, दोन वेळांत. ओट आणि जवाच्या अडीच किलोंत एक किलोहून जास्त स्टार्च जातो. घोड्याचं लहान आतडं एका वेळी वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम, फार तर दोन ग्रॅम स्टार्च नीट पचवतं. उरलेला पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, तिथले तंतू पचवणारे जंतू मरतात, लीद पातळ होते. पुढची पायरी म्हणजे पोटशूळ किंवा खुरांच्या आतली सूज, लॅमिनायटिस. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचं गेलेलं बाहेर यायला वाटच नसते. मामा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. म्हणाले, "पोटशुळाने एक घोडं माझ्या हातात गेलंय." मग म्हणाले, "करू. पण हळूहळू."

हळूहळूच करायला हवं होतं. दोन आठवडे लावले. चंदी 2 किलो 400 ग्रॅमवर आणली, आठशे-आठशे ग्रॅमचे तीन भाग. गवत चार वेळा, त्यात सगळ्यात मोठा वाटा रात्री नऊला, वॉचमनच्या हातून. चंदीच्या आधी नेहमी गवत, म्हणजे पोटात गादी तयार असते आणि अधाशीपणा उतरतो. रपेटीच्या अर्धा तास आधी लसूणघासाची छोटी पेंढी. त्यात कॅल्शियम भरपूर, ते आम्लाला धरून ठेवतं.

चूक झाली ती जाळीत. गवत जास्त वेळ पुरावं म्हणून मी बाजारातली जाळी आणली आणि पायात अडकू नये म्हणून तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगली. पंधरा दिवसांत मैना खोकायला लागली. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकट पाणी. गवत ओढताना धूळ सरळ नाकाडोळ्यांत पडत होती आणि मान वर असल्यामुळे श्वासनळीतला कचरा खाली उतरायला वाव नव्हता. घोडं चरताना तासन्‌तास डोकं खाली ठेवतं, त्यातूनच त्याची छाती स्वच्छ राहते. शिवाय मान वर करून, पाठ आत दाबून ओढत राहिल्याने मानेचे खालचे स्नायू फुगायला लागले होते. मामांनी हात फिरवून मला दाखवलं. मग मी जाळी खाली आणली, आणि तिसऱ्या रात्री तिच्या पुढच्या पायाचा नाल जाळीत अडकला. वॉचमनने वेळेवर दोरी कापली. पायाला खरचटण्यावर निभावलं, पण तो फोन आला तेव्हाचे माझे थरथरणारे हात मला आठवतात.

शेवटी उपाय निघाला तो निळ्या पिंपातून आणि वर्सोव्यातून. पिंप गुडघ्याच्या उंचीवर आडवं कापलं, कडा घासून रबरी नळी चिरून बसवली, तळाला भोकं पाडली. आणि जाळं विणून घेतलं वर्सोव्याच्या एका कोळी काकांकडून. मी सोबत गवताची पेंढी नेली होती. त्यांनी चार काड्या हातात घेऊन वाकवल्या, घोडं ओढतं कसं ते विचारलं, दातांनी की ओठांनी. मग दोन बोटं आडवी धरून म्हणाले, एवढं भोक बस झालं. बारीक दोरा हिरड्या कापेल म्हणून जाड, मऊ दोरा निवडला. ते जाळं पिंपाच्या आतल्या बाजूने गवतावर सैल बांधलं, गवत खाली जाईल तसं तेही खाली जातं. खूर आत जाईल अशी फट कुठेच नाही. पहिले दोन दिवस मैनाने पिंपाला लाथा मारल्या, मग आम्ही अर्धं गवत मोकळं आणि अर्धं जाळ्यात द्यायला लागलो. आठवड्याभरात तिला युक्ती कळली. ओठ पुढे करून, भोकातून चार काड्या चिमटीत धरल्यासारख्या ओढायच्या. रात्री नऊचं गवत पहाटे तीनपर्यंत पुरायला लागलं.

पावसाळ्याने वेगळी परीक्षा घेतली. मुंबईत जुलैमध्ये गवताचा गठ्ठा चार दिवस भिंतीला टेकून राहिला की मधे ऊब धरतो, फोडला की पांढरी बुरशी उडते. ती धूळ नाकात गेली की दम्यासारखा खोकला लागतो. गठ्ठे लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायला लागलो आणि वास आला तो गठ्ठा सरळ टाकून द्यायचा, पैशाचा विचार न करता. उरलेलं वीस मिनिटं पाण्यात बुडवून, निथळवून लगेच द्यायचं. एकदा सकाळी भिजवलेलं दुपारपर्यंत राहिलं, तर आंबूस वास सुटला. दमट हवेत भिजलेलं गवत तासाभरातच बिघडायला लागतं.

हिरव्या चाऱ्याबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण मुंबईत हे अनेकांना माहीत नाही. आसपास म्हशींसाठी पॅरा गवत पिकतं, स्वस्त आणि ताजं. आम्हीही देत होतो, सोबत गव्हाचा कोंडा. पॅरा गवतात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हशीच्या पहिल्याच पोटातले जंतू ते फोडतात. घोड्याचे जंतू मोठ्या आतड्यात, आणि कॅल्शियम शोषलं जातं त्याआधीच, लहान आतड्यात. वर कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या साधारण दहापट. दोन्ही मिळून शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं, महिनोन्‌महिने चाललं तर चेहऱ्याची हाडं फुगतात, पाय लंगडतात. मैनाच्या जबड्यावरून डॉक्टरांनी बोटं फिरवली, सुदैवाने तिथवर गेलं नव्हतं. दोन्ही त्याच दिवशी बंद केलं. म्हशीला मानवतं ते घोड्याला मानवेल असं कोणी म्हटलं की आता मला राग येतो.

पहिल्या तपासणीनंतर पाच आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. तिसरी श्रेणी पहिलीवर आली होती. जानेवारीत घेर 185 भरला, म्हणजे 455 किलो. लीद घट्ट, गोळे नीट सुटे. तंग कसताना ती आता नुसते कान हलवते. फळीवर दात टेकवणं पूर्ण गेलेलं नाही. ती सवय जुनी आहे, कदाचित राहीलच. पण आधी वहीची पानं भरायची तिथे आता रात्रीतून आठ-दहा रेघा.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून आलेली नाही. चंदी कमी केली तरी मैना ती गिळतच होती, दोनदा घशात अडकून नाकातून पाणी आलं. आम्ही चंदी ओली करायला लागलो, तरी घाई गेली नाही. मामा गणपतीला गावी गेले होते. परतले तेव्हा पिशवीत नदीतले पाच गोटे होते, नारळाएवढे, गुळगुळीत. त्यांनी ते गरम पाण्याने घासले आणि घमेल्यात चंदीच्या मधोमध ठेवले. एवढे मोठे, की तोंडात येणार नाहीत. मैनाने नाकाने एक गोटा ढकलला, खालचे ओट टिपले, दुसरा ढकलला. मामा खाली बसून बघत होते. "आमचे वडील पण असंच करायचे," ते म्हणाले. मी घड्याळ लावलं. आठशे ग्रॅम चंदीला एकवीस मिनिटं लागली.